पुनर्विकासात म्हाताऱ्या माणसांच्या मेंदूचाही विचार व्हायला हवा

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीच्या बीडीडी चाळीतल्या पहिल्या ५५६ कुटुंबांना नव्या घराच्या चाव्या मिळाल्या, ते टीव्हीवर बघताना माझ्या डोळ्यात पाणी आलं होतं. १६० फुटांच्या खोलीतून ५०० फुटांच्या घरात, स्वतःचा संडास, स्वतःचं किचन, जवळजवळ शंभर वर्षं जुन्या चाळीतून चाळीस मजली टॉवरमध्ये. रात्री दोन वाजता म्हाताऱ्या माणसाला धरून ओल्या पॅसेजमधून कॉमन संडासला ज्यांनी नेलंय ना, त्यांनाच या चावीची किंमत कळते. म्हणून पहिल्यांदाच सांगते की मी पुनर्विकासाच्या विरोधात नाही, आमची चाळही पाडली आणि आम्हीही टॉवरमध्ये राहतो आणि त्याबद्दल मी समाधानी आहे. पण या सगळ्यात सत्तरी-पंच्याहत्तरी पार केलेल्या माणसांच्या मेंदूचं काय होतं ते मी गेली काही वर्षं माझ्या घरात बघतेय आणि त्याबद्दल कोणी बोलताना दिसत नाही. मीटिंगमध्ये कार्पेट एरियावर बोलतात, कॉर्पस फंडावर, म्हणजे बिल्डर सोसायटीला पुढच्या देखभालीसाठी देतो त्या रकमेवर बोलतात, पार्किंगवरून तर मारामारी व्हायची वेळ येते, पण चाळीतली गॅलरी गेल्यावर आजी दिवसभर कोणाशी बोलणार हा प्रश्न आमच्या एकाही मीटिंगमध्ये कोणी विचारला नाही. मीसुद्धा नाही विचारला.

माझी आई ७६ वर्षांची आहे. मूळची कणकवलीकडची. १९६८ साली लग्न होऊन लालबागला आली, वडील गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर होते. शिक्षण चौथी. पण तिची खाणावळ होती, चौदा माणसं जेवायला असायची, सगळे गाववाले, एकटे राहणारे गिरणी कामगार, आणि कोण पहिल्या पाळीला, कोण रातपाळीला, कोणाचा सोमवार, कोणाला मासे चालतात पण सुकट चालत नाही, कोणी गावी गेल्यामुळे या महिन्यात किती दिवस जेवला नाही, हा सगळा हिशोब तिच्या डोक्यात, वही नाही की कागद नाही. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला आणि महिने गेले तरी मिटेना, माणसांकडे द्यायला पैसे नव्हते, तरी आईने जमेल तेवढे दिवस जेवू घातलं आणि कोणाची किती उधारी राहिली हे तिला त्यानंतर वीस वर्षांनीसुद्धा पाठ होतं, मागितली कधी नाही ती गोष्ट वेगळी. अशी ही बाई. तिला दोन वर्षांपूर्वी आमच्या टॉवरच्या चौदाव्या मजल्यावर एका अनोळखी घराचं सेफ्टी डोअर वाजवताना वॉचमनने बघितलं आणि वर घेऊन आला. आमचं घर एकोणिसाव्यावर. ती म्हणाली, "बाय माजे, खोली खंय गेली माजी?"

मी तिला बसवून पाणी दिलं आणि मग बाथरूममध्ये जाऊन रडले.

मागे वळून बघताना आता लक्षात येतं की सुरुवात आधीच झाली होती. चाळ २०१५ ला रिकामी केली, बिल्डर भाडं देत होता, आठ वर्षांत आम्ही दोन ठिकाणी भाड्याने राहिलो, दोन्ही घरं लालबागपासून लांब. दुसऱ्या घरात असताना भाजीत दोनदा मीठ पडायला लागलं, तोच प्रश्न परत परत, कोथिंबीर आणायला खाली गेली की परत यायला तास लागायचा कारण कॉम्प्लेक्समधल्या सगळ्या विंग सारख्याच दिसायच्या. एका डॉक्टरांना दाखवलं तर ते म्हणाले वय झालंय, चालायचंच. आम्ही पण ते मान्य केलं कारण आपल्याकडे "साठी बुद्धी नाठी" ही म्हणच आहे, म्हणजे बुद्धी जाणं हे जणू ठरलेलंच आहे. त्यात आमची दोन वर्षं गेली. नंतर एका सरकारी हॉस्पिटलच्या मेमरी क्लिनिकमध्ये नेलं, तिथल्या डॉक्टरबाईंनी शांतपणे सगळं विचारलं, बी-१२ आणि थायरॉइड तपासलं कारण त्यांच्या कमतरतेनेही असं होऊ शकतं आणि ते औषधाने सुधारतं, ब्लड प्रेशर बघितलं तर ते चढलेलं, कान तपासले तर दोन्ही कानांनी बरंच कमी ऐकू येत होतं जे आम्हाला कळलंच नव्हतं, आम्हाला वाटायचं ती मुद्दाम लक्ष देत नाही. शेवटी एमआरआय वगैरे झाल्यावर सांगितलं की डिमेन्शिया म्हणजे स्मृतिभ्रंश आहे, थोडा अल्झायमरचा आणि थोडा मेंदूच्या बारीक रक्तवाहिन्या खराब झाल्यामुळे होणारा, असा मिश्र.

मी त्यांना विचारलं, चाळ सोडल्यामुळे झालं का हो? त्या म्हणाल्या की एका माणसाबाबत असं कोणी छातीठोकपणे सांगू शकत नाही, हा आजार मेंदूत दहा-पंधरा वर्षं आधीपासून हळूहळू सुरू असतो. पण मग त्यांनी जे सांगितलं ते मी विसरू शकत नाही. ओळखीच्या जागेत माणूस सवयीवर चालतो, पन्नास वर्षं तोच जिना, तीच कडी, रॉकेलचा डबा कुठे, पाणी किती वाजता येतं, हे सगळं मेंदूला नव्याने शिकावं लागत नाही, त्यामुळे आजार झाकलेला राहतो आणि माणूस स्वतःचं स्वतः करत राहतो. जागा बदलली की तो आधार एका दिवसात निघून जातो. आणि नवीन जागा शिकायचं काम मेंदूच्या ज्या भागाकडे आहे तोच भाग अल्झायमरमध्ये सगळ्यात आधी खराब होतो. म्हणजे आम्ही एका अशा बाईला आठ वर्षांत तीन वेळा नवीन नकाशा पाठ करायला लावला जिचं नकाशा पाठ करायचं यंत्रच बिघडत चाललं होतं.

हे वाचून कोणी म्हणेल तुमच्या घरचं दुखणं आहे, पेपरात कशाला. म्हणून थोडं वाचलेलं सांगते, कारण गेल्या दोन वर्षांत या विषयावर मिळेल ते वाचत आलेय. डिमेन्शियावर काम करणाऱ्या जगभरच्या डॉक्टरांचं लॅन्सेट कमिशन आहे, त्यांचा २०२४ चा रिपोर्ट सांगतो की १४ कारणं अशी आहेत की ती जर दूर करता आली तर जगातला सुमारे ४५ टक्के डिमेन्शिया टाळता किंवा पुढे ढकलता येईल. बीपी, शुगर, सिगारेट, दारू, डोक्याला मार, कमी शिक्षण, ऐकू न येणं, हालचाल नसणं, डिप्रेशन अशी ती यादी आहे. त्यात उतारवयातली म्हणून जी तीन कारणं वेगळी काढलीत ती बघा: माणसांपासून तुटणं, हवेचं प्रदूषण आणि नजर कमी होणं. पहिल्याचा वाटा ५ टक्के, दुसऱ्याचा ३, तिसऱ्याचा २. आकडे छोटे वाटतात पण यातली पहिली दोन डॉक्टरांच्या हातात नाहीतच, ती बिल्डिंगचा प्लॅन पास करणाऱ्याच्या, रस्ता बांधणाऱ्याच्या आणि सोसायटीच्या कमिटीच्या हातात आहेत.

आता गॅलरी. ज्यांनी चाळ बघितली नाही त्यांना वाटतं गॅलरी म्हणजे कपडे वाळत घालायची जागा. आमच्या मजल्यावर अठरा खोल्या होत्या आणि दिवसभर कोणाचंच दार बंद नसायचं. सकाळी दात घासताना आई चार जणींशी बोललेली असायची, दुपारी गॅलरीत चादर टाकून तांदूळ निवडायला बसायच्या, कोणाची सून माहेरी गेली, कोणाला कुठे नोकरी लागली, भांडणं तर रोजची, आणि भांडायलासुद्धा काल कोण काय बोललं ते लक्षात ठेवावंच लागतं! येणारा-जाणारा प्रत्येक माणूस काहीतरी विचारणार आणि तुम्हाला उत्तर द्यावं लागणार, नाव आठवावं लागणार, नातं आठवावं लागणार. मेंदूला दिवसातून शंभर वेळा असा हलका व्यायाम फुकटात मिळत होता आणि त्यासाठी तिला उंबरठ्याबाहेर दोन पावलं टाकायची होती फक्त. आणि कोणी आज दिसला नाही तर दुपारपर्यंत दार ठोठावलं जायचं. त्या गॅलरीत आईचं विसरणं सुरू झालं असतं तर माझ्या आधी शेजारच्या काकींना कळलं असतं, याची मला खात्री आहे.

टॉवरमध्ये मजल्यावर सहा फ्लॅट. सगळ्यांची दारं एकाच चॉकलेटी रंगाची, एकच डिझाईन, नंबर बारीक स्टीलचा तोही चकाकणारा. लॉबीला खिडकी नाही, दिवस की रात्र कळत नाही. लिफ्टला टच पॅनल, आईच्या कोरड्या बोटांना ते दाद देत नाही आणि आकडे पुसट. शेजारी वाईट नाहीत हो, आमच्याच चाळीतले आहेत त्यातले दोघं, पण एसी लावला की दार बंद होतं आणि बंद दार वाजवायला कारण लागतं. उघड्या दाराला कारण लागत नव्हतं. आईने सुरुवातीला दाराबाहेर एक खुर्ची टाकली होती, तिथे बसायची, येणाऱ्या-जाणाऱ्याला हाक मारायची. एक दिवस नोटीस आली की आगीच्या वेळी अडचण होते म्हणून लॉबीत कोणी काही ठेवायचं नाही. नियम बरोबर आहे, आग लागली तर धुरात माणसं अडखळतील, मी तो नियम मोडा असं म्हणत नाही. माझं म्हणणं इतकंच आहे की दर मजल्यावर नाही तर निदान दर तीन-चार मजल्यांवर एक अशी जागा प्लॅनमध्येच का नसावी की जिथे आगीच्या वाटेत न येता चार म्हातारी माणसं उजेडात बसतील, येणारे-जाणारे दिसतील, आणि लिफ्टने तळमजल्यावर किंवा सातव्या मजल्याच्या पोडियम गार्डनला जायची गरज पडणार नाही. पोडियम गार्डन आहे आमच्याकडे, छान आहे, पण तिथे जायला आईला कोणीतरी सोबत लागतं आणि आम्ही सगळे कामावर.

रांगोळीचं पण सांगते. दार ओळखायला यावं म्हणून मी आईलाच रोज सकाळी दारात छोटी रांगोळी काढायला लावली, ठिपक्यांची, हात अजून बरोबर चालतो तिचा. आणि दारावर गावच्या घराचा मोठा फोटो लावला. त्यानंतर ती चुकीच्या दाराशी गेलेली नाही असं नाही, पण खूप कमी झालंय. हे काही माझं डोकं नाही, डिमेन्शियाच्या माणसांसाठी जागा कशी असावी यावर जगात बरंच काम झालंय, दारांना वेगवेगळे रंग, मोठे आकडे, ठळक खुणा, भरपूर उजेड, न चकाकणारी जमीन कारण चकाकणारी फरशी त्यांना पाण्यासारखी दिसते आणि ती पाय टाकायला घाबरतात. सिंगापूरमध्ये तर काही सरकारी वसाहतींमध्ये भिंतींवर जुन्या ओळखीच्या वस्तूंची मोठमोठी चित्रं काढलीत की म्हाताऱ्या माणसाला आपली बिल्डिंग सापडावी, आणि तिथल्या सरकारी बिल्डिंगचा तळमजला कित्येक वर्षांपासून मोकळा ठेवतात, लोकांनी बसावं, लग्न करावं, बुद्धिबळ खेळावं म्हणून. तेही उंच टॉवरच आहेत. म्हणजे उंची हा प्रॉब्लेम नाहीये. रंगाच्या डब्याला आणि मोठ्या आकड्याला खर्च किती येतो?

खाली उतरल्यावर काय. आईला लालबागच्या मार्केटला जायचं असतं, पायी दहा मिनिटं, तिची पन्नास वर्षांची वाट. पण आता त्या वाटेवर पेव्हर ब्लॉक उखडलेत, फूटपाथवर बाईक लावलेल्या, मध्येच खोदकाम, मग फूटपाथ सोडून रस्त्यावरून चाला, आणि आंबेडकर रोड क्रॉस करायचा म्हणजे फ्लायओव्हरखालून, सिग्नल हिरवा होऊन लाल होईपर्यंत आईचा अर्धा रस्ता होतो. दोन वर्षांपूर्वी पडली, मनगट मोडलं. डोक्याला लागलं नाही हे नशीब, कारण डोक्याला मार हेही त्या चौदा कारणांत आहे. तेव्हापासून ती एकटी जात नाही, म्हणजे चालणं बंद, बाजारात भाव करणं बंद, माणसं भेटणं बंद, एका उखडलेल्या फूटपाथने तिच्या तीन-चार गोष्टी एकदम बंद केल्या. आपण हॉस्पिटलला, एमआरआयला आरोग्याचा खर्च म्हणतो आणि फूटपाथला रस्त्याचा खर्च म्हणतो. वाटेत एक साधं पाठ टेकायचं बाकडं नाही. मुंबईत माणशी मोकळी जागा दीड चौरस मीटरच्याही आत आहे, आमच्या टॉवरमधल्या लिफ्टपेक्षा कमी, तर बागा कुठून आणणार हे मलाही कळतं, पण बाकड्याला किती जागा लागते!

हवा आणि आवाजाबद्दलही दोन शब्द. आमच्या आजूबाजूला एकाच वेळी पाच ठिकाणी कामं चालू आहेत, पाया ठोकायच्या पायलिंगचा आवाज, तयार काँक्रीट आणणारे आरएमसीचे मिक्सर, धूळ तर इतकी की खिडकी उघडली की तासाभरात टेबलावर बोटाने नाव लिहिता येतं. ऑक्टोबर २०२३ मध्ये महापालिकेने धुळीबद्दल मोठी नियमावली काढली, उंच बिल्डिंगला ३५ फूट पत्रे, ओलं कापड, पाणी मारणं, ट्रकची चाकं धुणं. काही साइटवर पाळतात, काही ठिकाणी इन्स्पेक्टर येईपर्यंत पाळतात. पीएम २.५ म्हणतात तो कण केसाच्या जाडीच्या पंचवीस-तिसाव्या भागाइतका बारीक असतो, तो फुप्फुसातून रक्तात जातो, रक्तवाहिन्यांना सूज आणतो, आणि अगदी बारीक कण नाकातल्या वास घ्यायच्या नसेमार्गे थेट मेंदूत जाऊ शकतात असं संशोधक सांगतात. मेक्सिको सिटी आणि मँचेस्टरमधल्या ३७ मृत माणसांच्या मेंदूत असे लोहाचे अतिसूक्ष्म कण सापडले होते, ते संशोधन २०१६ मध्ये छापून आलं, कणांचा आकार असा गोल की तो जास्त उष्णतेत, जळण्याच्या ठिकाणीच तयार होतो. जागतिक आरोग्य संघटना म्हणते या पीएम २.५ ची वर्षाची सरासरी ५ मायक्रोग्रॅमच्या वर नको, आपल्या देशाचं स्टँडर्ड ४० आहे. म्हणजे आपण सगळे नियम पाळून "पास" झालो तरी आठपट.

कॅनडात ओन्टारियो प्रांतात ५५ ते ८५ वयाच्या सुमारे २२ लाख लोकांची दहा-अकरा वर्षांची माहिती बघितली, तर मोठ्या रस्त्यापासून ५० मीटरच्या आत राहणाऱ्यांमध्ये डिमेन्शिया ७ टक्के जास्त आढळला, १०० मीटरपर्यंत ४ टक्के, २०० पर्यंत २ टक्के, आणि त्याच्या पलीकडे फरकच नाही. डेन्मार्कमध्ये साठीच्या पुढच्या जवळजवळ २० लाख लोकांवर २००४ ते २०१७ असा अभ्यास झाला, त्यात रस्त्याच्या आणि रेल्वेच्या आवाजाचा डिमेन्शियाशी संबंध दिसला. २०१७ मध्ये तिथे ८,४७५ नवीन पेशंट नोंदले गेले, त्यातले १,२१६ पर्यंत आवाजामुळे असू शकतात असा त्यांचा अंदाज. असे अभ्यास "यामुळेच झालं" हे सिद्ध करत नाहीत, संबंध दाखवतात, डॉक्टरबाईंनी हे मला नीट समजावलंय. पण आवाजाने झोप मोडते हे सिद्ध करायला मला कोणाची गरज नाही, आणि झोपेत मेंदू स्वतःतला कचरा साफ करतो असं आता शास्त्रज्ञ म्हणतात. आपल्या कायद्याने राहत्या वस्तीत रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे, २००० सालापासून. आमच्या बेडरूममध्ये रात्री साडेअकराला मी मोबाईलवर मोजलं, मोबाईलचं मीटर काही फार पक्कं नसतं पण ते साठच्या खाली यायला तयार नव्हतं. आई रात्री तीनदा उठते. उठली की तिला वाटतं सकाळ झाली, आणि ती चौदा माणसांच्या भाकऱ्या करायला किचनमध्ये जाते.

आणखी एक, कान. ऐकू न येण्याचा वाटा त्या १४ कारणांत ७ टक्के आहे, म्हणजे सगळ्यात मोठ्या दोन कारणांपैकी एक. गोंगाटात राहणारा माणूस हळूहळू बहिरा होतो, मग बोलण्यातून बाहेर पडतो, मग लोक त्याच्याशी बोलणं सोडतात. आईला मशीन लावल्यावर पहिल्या आठवड्यात ती माझ्या मुलाला म्हणाली, "तुजो आवाज बदललो रे." मुलाचा आवाज चार वर्षांपूर्वी फुटला होता! अमेरिकेत २०२३ मध्ये एका मोठ्या चाचणीत असं दिसलं की ज्यांना धोका आधीच जास्त होता त्या गटात कानाच्या मशीनमुळे तीन वर्षांत बुद्धीची घसरण ४८ टक्क्यांनी मंदावली, बाकीच्या निरोगी गटात फरक दिसला नाही. तरीसुद्धा आमच्या भागातल्या किती दवाखान्यांत साठीच्या पुढच्या माणसाचे कान आपणहून तपासतात? डोळ्यांची शिबिरं पुष्कळ होतात आणि ती व्हायलाच हवीत, मंडळांनी कानाचीही घ्यावीत, आमच्या लालबाग-परळला मंडळांची काही कमी नाही आणि मनावर घेतलं तर ते काय करू शकतात हे अख्ख्या मुंबईला माहितीये.

पण मला शहरालाच सगळा दोष द्यायचा नाही, कारण ते खरं होणार नाही. आपल्या देशात साठीच्या पुढच्या लोकांचा जो मोठा अभ्यास झाला त्यात डिमेन्शियाचं प्रमाण ७.४ टक्के निघालं, म्हणजे सुमारे ८८ लाख माणसं, आणि ते शहरापेक्षा खेड्यात जास्त आहे, पुरुषांपेक्षा बायकांत जास्त. शिक्षण मिळालं नाही, चुलीचा धूर खाल्ला, बीपी कधी तपासलंच नाही, ही खेड्यातली कारणं असू शकतात, आणि आमच्या आईच्या पिढीच्या बायकांनी ही कारणं गावाहून बरोबर आणली आणि इथे येऊन त्यात शहराची भर पडली. चाळीत पण स्टोव्हचा धूर होताच, जिन्याची पायरी तुटलेली होतीच, पावसाळ्यात भिंती ओल्या. म्हणून "चाळ किती छान होती" असं म्हणणाऱ्यांचा मला राग येतो, त्यातले बरेच जण तिथे राहिलेले नसतात. पण चाळीत एक गोष्ट अशी होती की जी कोणी ठरवून बांधली नव्हती तरी ती माणसाला एकटं पडू देत नव्हती, आणि आता सगळं ठरवून, आर्किटेक्ट लावून, करोडो रुपये घालून बांधतोय तर तेवढी एक गोष्ट ठरवून बांधता येणार नाही का?

शहरात चांगलं पण आहे. दवाखाना जवळ आहे, मेमरी क्लिनिक एका टॅक्सीच्या अंतरावर आहे, गावी असती तर हे निदानच झालं नसतं. आणि ओळखीची शहरी जागा मेंदूला किती देते ते मी एप्रिलमध्ये बघितलं. मसाल्याचे दिवस होते, मी सुट्टी काढून आईला हाताला धरून मिरची गल्लीत घेऊन गेले. मसाला कुटणाऱ्या डंकांचा आवाज, भाजलेल्या मिरचीचा ठसका, दोघीही शिंकतोय. दुकानदाराने विचारलं मालवणी करायचाय का, किती किलोचा, आणि मी फोनमध्ये लिहिलेली यादी उघडायच्या आत आईने सांगायला सुरुवात केली. बेडगी किती, संकेश्वरी किती, धने किती, दगडफूल, नागकेशर, बडीशेप, त्रिफळ नको ते तू वेगळा दी, एका दमात, अगदी तोळ्यामाश्यापर्यंत. ज्या बाईला सकाळी काय खाल्लं ते आठवत नाही तिने. दुकानदाराने सगळं बरोबर बांधून दिलं आणि म्हणाला, "आजी, पूर्वी खाणावळ होती ना तुमची? माझे वडील यायचे." आई हसली. घरी येईपर्यंत ती विसरली होती कुठे गेलो होतो ते, पण दिवसभर प्रसन्न होती आणि त्या रात्री एकदाच उठली.

ही गल्ली तिच्या घरापासून दहा मिनिटांवर आहे आणि तिला वर्षातून एकदा तिथे जायला मिळतं, तेही मी सुट्टी काढली तर.

जपानमध्ये २००४ साली डिमेन्शियासाठीचा जुना अपमानकारक शब्द सरकारने बदलला आणि २००५ पासून साध्या माणसांना, दुकानदार, बँकेचे लोक, शाळेतली मुलं, थोडा वेळ बसवून शिकवायला लागले की असा माणूस रस्त्यात भेटला तर त्याच्याशी कसं बोलायचं. एक कोटीच्या वर लोक आतापर्यंत शिकलेत. आमच्या वॉचमनला हे कोणी शिकवलं नव्हतं, तो स्वतःच्या समजुतीने आईला "चला मावशी, चहा घेऊ" म्हणत वर घेऊन आला. प्रत्येक टॉवरला असा वॉचमन मिळेलच असं नाही.

मुंबईत हजारो सेस इमारती, म्हणजे दुरुस्तीचा उपकर भरणाऱ्या जुन्या इमारती आहेत, बीडीडीच्या एकूण २०७ चाळी, त्याशिवाय म्हाडाच्या वसाहती, उपनगरातल्या जुन्या सोसायट्या, पुण्या-ठाण्यातही तेच सुरू आहे, म्हणजे पुढच्या दहा वर्षांत लाखो म्हातारी माणसं आयुष्यात एकदा, दोनदा, तीनदा जागा बदलणार आहेत. मला वाटतं, घर रिकामं करून घेताना साठीच्या पुढच्या प्रत्येकाचे कान, डोळे, बीपी आणि स्मरणशक्ती एकदा तपासावी, वॉर्डाच्या दवाखान्यात एका दिवसाचं काम आहे. ज्यांना आधीच त्रास आहे त्यांना भाड्याचं किंवा संक्रमण शिबिराचं घर शक्यतो त्याच भागात मिळावं आणि जुने शेजारी नव्या इमारतीत एकाच मजल्यावर राहावेत, लॉटरी काढताना एवढं करता येणार नाही का? आमच्यात लॉटरीने मजले दिले तेव्हा शेजारच्या काकी आठव्यावर गेल्या आणि आई एकोणिसाव्यावर, चाळीस वर्षं एका भिंतीने शेजारी असलेल्या दोघी आता महिन्यातून एकदा भेटतात, तेही कोणी नेलं तर.

आणि तुम्हाला एक विनंती. तुमच्या पेपरात दर आठवड्याला घरांच्या पानावर नवीन प्रकल्पांची माहिती येते, चौरस फूट, स्विमिंग पूल, जिम, स्टेशनपासूनचं अंतर. त्यात एवढं विचारून छापाल का, की मजल्यावर उजेडात बसायला जागा आहे का, दारं एकमेकांपासून वेगळी ओळखू येतात का, लिफ्टची बटणं दाबायची आहेत की टचची, आणि गेटपासून भाजी बाजारापर्यंत ७६ वर्षांच्या बाईला एकटीला चालत जाता येतं का. बिल्डरला पेपरात उत्तर द्यावं लागलं तर प्लॅन काढतानाच तो विचार करेल. आमच्या सोसायटीची वार्षिक सभा पुढच्या रविवारी आहे, लिफ्टजवळच्या कोपऱ्यात आगीच्या वाटेबाहेर एक बाकडं ठेवायला अग्निशमन खात्याची परवानगी मागावी असा अर्ज मी दिलाय, खाली एकवीस सह्या आहेत, पहिली काकींची.

आपली,
एक वाचक, लालबाग